मान वळवण्याची रीत

परवा आम्ही दोघं मुलाकडे जेवत होतो, टीव्हीवर बातम्या चालू होत्या. कुणीतरी कुठल्याशा बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये घुसून लोकांना लुबाडलं होतं आणि बातम्या देणारा दर दोन वाक्यांनी 'हॅकर', 'हॅकर' करत होता. माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "अरे, चोर म्हण की मेल्या! चांगला जुना शब्द आहे, सगळ्यांना कळतो." मुलगा हसायला लागला. सून म्हणाली, "आई, आता त्याचा अर्थच तो झालाय." झाला असेल बाप्पा. पण मी ज्यांना हॅकर म्हणून ओळखत होते त्यांच्यामुळे माझी अमेरिकेतली नोकरी नुसती पोटापाण्याची राहिली नाही, आणि आपल्याच एका मुलीची बुडती नाव काठाला लागली. त्यांचं नाव असं चोरांच्या गळ्यात बांधलेलं मला खपत नाही. तेव्हा हे लिहिणं भाग आहे.

मी नागपूरची. गणितात एम. एस्सी. केलं, लग्न झालं आणि नवऱ्यापाठोपाठ शिकागोपासून दोन-अडीच तासांवरच्या एका विद्यापीठाच्या गावी येऊन पडले. चारी बाजूंना मका. डाळ-तांदूळ आणायला महिन्यातून एकदा शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, जायचं, तिथे गाडी लावायला जागा मिळाली की सण साजरा झाल्यासारखं वाटायचं. घरात बसून मक्याकडे बघायचा कंटाळा आला तेव्हा विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये अर्ज टाकला. मदतीच्या खिडकीवर नोकरी मिळाली. म्हणजे कुणाचा प्रोग्रॅम अडला, कुणाची फाइल सापडेना, की त्यानं माझ्याकडे यायचं.

हे ऐंशीच्या दशकातलं बोलतेय. तेव्हा खिशात सोडा, घरातही कॉम्प्युटर फारसा कुणाकडे नव्हता. सबंध विद्यापीठाचा मिळून एक मोठा कॉम्प्युटर काचेपलीकडच्या गारढोण खोलीत असायचा आणि बाहेर मोठ्या दालनात ओळीनं टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. ज्याला काम असेल त्यानं रिकाम्या टर्मिनलवर बसायचं, आपलं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की त्याच्या अकाउंटमधल्या फाइली त्याच्यापुढे यायच्या. एकाच मशीनवर एका वेळी ढीगभर माणसं. जागा मोजूनमापून मिळायची. विद्यार्थ्यांना वीतभर, प्रोफेसरांना हातभर.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. इतिहासाचे एक म्हातारे प्रोफेसर कुठलंही बटण दाबण्याआधी पडद्यावरचा सगळा मजकूर पेन्सिलीनं कागदावर उतरवून घ्यायचे, न जाणो गेला तर! वनशास्त्राचा एक मुलगा रडवेला होऊन आला, त्याच्या हिशोबानं जंगलात शून्याहून कमी झाडं निघत होती. "मशीन बिघडलंय," म्हणाला. मी म्हटलं, "मशीन ठीक आहे रे, तूच वजाबाकी उलटी केली आहेस." दोन मिनिटांत त्याचं जंगल परत उगवलं. असं काही झालं की मला दिवसभर बरं वाटायचं.

त्या दालनाच्या कोपऱ्यात मात्र पाच-सहा जणांचा अड्डा होता आणि ते माझ्या खिडकीकडे कधी फिरकायचे नाहीत. ते स्वतःला हॅकर म्हणवायचे. ज्याला कॉम्प्युटरचा नाद लागलाय, जो कुणी सांगितलं नसताना, पैसे मिळत नसताना प्रोग्रॅम सुधारत बसतो, तो हॅकर. त्यांचा म्होरक्या लेनी. गणितात पीएच. डी. करत होता म्हणे, पण प्रबंध कधीच पुरा होत नव्हता. उन्हाळा असो की बर्फ, अंगात तोच तपकिरी कोट, पुढ्यात पीचचा उघडा डबा, आणि बोलताना तुमच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघायचा. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या खांद्यावर काही पडलंय.

आमची ओळख भांडणानं झाली. लोकांची छपाई रांगेनं व्हावी म्हणून मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. माझा पहिलाच, त्यामुळे लाडका. एका सकाळी बघते तर तो भलताच भराभर चालतोय. उघडला तर माझ्या अर्ध्या ओळी गायब आणि तिथे कुणीतरी सुबक नवीन लिहिलेलं, वर नोंद: 'हे वळण लांबचं होतं, जवळचं घातलं. लेनी.' माझा पारा चढला. मी जरा घराबाहेर गेले आणि शेजारणीनं आत शिरून माझ्या भाजीची फोडणी बदलली, असं झालं की नाही? तरातरा कोपऱ्यात गेले.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"कुणीच नाही," तो माझ्या खांद्याला म्हणाला. "पण तो हळू होता."

"मग मला सांगायचंस!"

त्यानं खरोखर विचार केला. मग म्हणाला, "आता चांगला चालतोय की. तू माझा कुठलाही उघड. चूक दिसली तर दुरुस्त कर. मी आभार मानीन."

आमचं हे बोलणं इंग्रजीतच व्हायचं, मी आपलं मराठीत सांगतेय. तेव्हा मी फणकारून परत आले खरी, पण दुपारी त्यानं काय केलंय ते ओळीओळीनं वाचलं आणि एम. एस्सी.च्या दोन वर्षांत जे कळलं नव्हतं ते मला त्या दुपारी कळलं. दुसऱ्या दिवशी त्याचा एक प्रोग्रॅम उघडला. आठवडाभर शोधून एक चूक काढलीच. त्यानं आभार मानले, अगदी मनापासून, आणि पीचची एक फोड पुढे केली. तेव्हापासून मी त्या कोपऱ्यातली.

दुसऱ्या विद्यापीठांतून लोक यायचे ते बरोबर कोरी टेप घेऊन. कोपऱ्यातल्या मंडळींनी लिहिलेले प्रोग्रॅम टेपवर भरून न्यायचे. फुकट. अट एकच, तुम्ही काही सुधारलंत तर सुधारलेलं परत पाठवा. आमच्याकडचे हे म्हणायचे, "वेडे आहेत का? विकले तर बंगला बांधतील." मला मात्र त्यात नवल वाटेना. त्या गावात आम्ही पाच-सात मराठी घरं होतो आणि आमच्याकडे एकच विरजण फिरत होतं. कुणाचं दही बिघडलं की दुसरीकडून चमचाभर आणायचं. दिल्यानं आपलं कमी होतं का? उलट चार घरी असलं म्हणजे एकाचं गेलं तरी सगळ्यांचं जात नाही. लेनीला हे सांगितलं तर तो इतका खूश झाला की अड्ड्यावर प्रोग्रॅमच्या टेपला 'दही' म्हणायला लागले.

कुलपांशी मात्र त्यांचं हाडवैर. आमचे डायरेक्टर मिस्टर डेल, शिस्तीचा माणूस, टाय कधी सैल नाही. त्यांनी एकदा सिस्टिमच्या काही प्रोग्रॅमवर पासवर्ड घातला, म्हणजे उगाच कुणी वाचू नये. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या पडद्यावर निरोप: 'कुलूप छान आहे. पण खिडकी उघडी राहिली आहे, अमुक ठिकाणी. ती अशी बंद करता येईल.' खाली सही. घुसणारा सही करून जातो, वर खिडकी कशी लावायची तेही शिकवतो! डेल चिडले, पण खिडकी लावून घेतली. वसंतात लेनी स्वतः त्यांच्याकडे जाऊन सांगून आला होता, की मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही एक फट आहे, कुणीही कुणाच्याही अकाउंटमध्ये शिरू शकेल. डेल म्हणाले, "बघू." ऑफिसातलं 'बघू' सगळ्या देशांत सारखंच असतं.

आणि गंमत बघा, याच मंडळींची एक रीत होती. टर्मिनलं कोपराला कोपर लावून होती. शेजारचा माणूस पासवर्ड टाइप करायला लागला की हे मान वळवायचे. भिंतीकडे, छताकडे, कुठेही. तो पुन्हा बोलायला लागला की मान परत. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणाला शिकवत नव्हते, पण नवीन आलेला मुलगाही दोन दिवसांत मान वळवायला लागायचा. मी लेनीला विचारलं, "कुलपं नकोत म्हणतोस, आणि पासवर्ड दिसू नये म्हणून भिंत बघतोस?"

"कुलूप सेंटर लावतं," तो म्हणाला. "मान मी वळवतो."

ही रीत पाडली होती प्रोफेसर हॅलोरननी. ते सिव्हिलचे, जमिनीखालच्या पाण्यावर काम करायचे, पण कॉम्प्युटरचा नाद जुना. साठी उलटलेली, तरी अड्ड्यावर येऊन पोरांशी वाद घालायचे. कुणी मान वळवायला विसरला तर त्याच्या गालाला हात लावून हलकेच भिंतीकडे वळवायचे आणि स्वतःशीच हसायचे. त्यांच्या हाताखाली वसुधा पीएच. डी. करत होती, आणि माझ्या गोष्टीतला खरा जीव तिच्यात अडकलेला आहे.

वसुधा पुण्याची. बुद्धीनं तल्लख, स्वभावानं मवाळ, रविवारी आमच्याकडे वरण-भात खायला यायची आणि मला 'सुलभाताई' म्हणायची. जमिनीतलं पाणी कुठून कुठे वाहतं ते सांगणारा मोठा प्रोग्रॅम तिनं चार वर्षं खपून बनवला होता. विद्यार्थ्यांच्या वीतभर जागेत तो मावेना, म्हणून तो आणि त्याचे सगळे निकाल प्रोफेसरांच्या अकाउंटमध्ये ठेवलेले. सकाळी प्रोफेसर यायचे, आपला पासवर्ड टाकायचे, खुर्ची वसुधाला द्यायचे. ती दिवसभर काम करायची. आणि ते पासवर्ड टाकत असताना ती काय करायची? मान वळवायची. चार वर्षं रोज.

सप्टेंबरात हॅलोरन सरांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

वसुधा माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली तेव्हा तिला आधी तिच्या सरांसाठीच रडू येत होतं, हे मी तिच्या बाजूनं मुद्दाम सांगते. स्वतःचं तिनं दोन दिवसांनी काढलं. "सुलभाताई, माझं सगळं त्यांच्या अकाउंटमध्ये आहे हो. डिसेंबरपर्यंत प्रबंधाचा डिफेन्स झाला नाही तर विद्यापीठाची एड बंद, एड बंद तर व्हिसा संपला. दुसरे प्रोफेसर घ्यायला तयार आहेत, पण ते म्हणतात रिझल्ट्स दाखव. काय दाखवू? चार वर्षं नुसती डोक्यात आहेत."

"अगं, तुझ्याकडे एकही कॉपी नाही?"

"कुठे ठेवणार होते? तिथेच तर सेफ होतं सगळं."

मी डेलकडे गेले. तेच एका बटणावर अकाउंट उघडू शकत होते. ते म्हणाले, "मिसेस देशपांडे, अकाउंट प्रोफेसरांचं. त्यात त्यांची खाजगी पत्रं आहेत. त्यांची लेखी परवानगी आणा, पाच मिनिटांत उघडतो." मी म्हटलं, "त्यांचा हात चालत नाही, ते लिहिणार कसे?" ते म्हणाले, "मग कोर्टाकडून त्यांच्या पत्नीला अधिकार मिळेल, तिची परवानगी आणा." ते व्हायला किती दिवस? सहज सहा महिने. मला तेव्हा त्यांचा संताप आला. आज वाटतं, माणूस चुकीचं बोलत नव्हता. आदल्याच वर्षी घटस्फोट चाललेल्या एका प्राध्यापकाची पत्रं कुणीतरी भलत्याच्या हाती दिली होती आणि त्यात एका घराची शोभा झाली होती. डेलनी ते निस्तरलं होतं.

पण वसुधाला सहा महिने नव्हते. मी सरळ कोपरा गाठला. म्हटलं, "लेनी, ती मेलची फट अजून आहे ना?"

"आहे."

"मग शीर आणि पोरीचं काम काढून दे."

मला वाटलं होतं तो लगेच बाह्या सरसावेल. पण तो पीचच्या डब्यात चमचा फिरवत राहिला आणि म्हणाला, "नाही."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "सगळ्या गावाची कुलपं उघडत फिरतोस, आणि आजच बरं सोवळं आठवलं! ती डेलची कुलपं नाही तोडलीस?"

"त्या कुलपांमागे प्रोग्रॅम होते," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्या खांद्याकडे न बघता तोंडाकडे बघत होता. "प्रोग्रॅम सगळ्यांचे असतात. इथे कुलपामागे हॅलोरन आहे. त्याची पत्रं, त्याची डायरी असेल, काय असेल ते. फट मला वसंतापासून माहीत आहे सुलभा, कुणाच्याही घरात गेलो असतो. नाही गेलो."

वसुधा माझ्या मागेच उभी होती. ती म्हणाली, "ही इज राइट, सुलभाताई," आणि डोळे पुसत निघाली. मला दोघांचाही राग आला. सज्जनपणानं कुणाचं पोट भरलंय?

तेवढ्यात लेनी उठून कोट झटकत म्हणाला, "कुठे निघालात? दार ठोठावायला जायचं ना?"

त्याच्या मनात काय होतं ते गाडीत बसल्यावर कळलं. त्या काळात एक सुटकेसएवढं टर्मिनल मिळायचं. त्याला पडदा नसे, कागदावर छापायचं, आणि वर रबराच्या दोन वाट्या. कुठल्याही टेलिफोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत खोचला की फोनवरून आमच्या कॉम्प्युटरशी बोलता यायचं. ते धूड उचलून आम्ही हॉस्पिटलात गेलो. प्रोफेसर हॅलोरन उशीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तेच. त्यांची बायको एलेन म्हणाली, "त्यांना सगळं समजतं. हो म्हणायला मान हलवतात, नाही म्हणायलाही. शब्द तेवढे येत नाहीत."

वसुधानं त्यांचा डावा हात हातात घेतला. लेनीनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ऐकून प्रोफेसरांनी जोरजोरात मान हलवली आणि डाव्या हातानं टर्मिनल पुढे आणा अशी खूण केली. म्हणजे मी स्वतःच उघडून देतो.

हॉस्पिटलचा रिसीव्हर चपटा, वाट्यांत बसेना. लेनीनं दोन टॉवेल गुंडाळून तो दाबून धरला. कॉम्प्युटरनं नाव विचारलं, ते वसुधानं टाइप केलं. मग पासवर्ड विचारला आणि आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. एलेननंसुद्धा.

बटणांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. कागदावर छापून आलं: चूक. पुन्हा तेच. परत चूक. कितीदा तरी. मग आवाजच थांबला, म्हणून मी बघितलं. प्रोफेसर आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, मांडीवर निपचित पडलेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं पासवर्ड त्यांच्या डोक्यात नव्हताच, बोटांत होता. रोज बोटं आपोआप चालायची. आता निम्मी बोटं गेली होती आणि अक्षरं सांगणारी वाचाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एवढा मोठा माणूस, आपल्या विद्यार्थिनीचं काम आपल्याजवळ अडकलंय आणि आपल्याला देता येत नाही, म्हणून रडत होता.

"सर, प्लीज, राहू दे," वसुधा म्हणाली. "मी परत करीन सगळं."

प्रोफेसरांनी ठामपणे मान हलवली. नाही.

लेनी पलंगाच्या कडेवर बसला. म्हणाला, "प्रोफेसर, एक रस्ता आहे. तुमच्या अकाउंटमध्ये मी पासवर्डशिवाय शिरू शकतो. शिरू का?"

हो.

"वसुधाचं काम एकाच ठिकाणी आहे?"

हो.

"बाकीच्यात तुमचं खाजगी काही आहे?"

प्रोफेसरांनी एलेनकडे बघितलं. मग, हो.

"मी बघणार नाही," लेनी म्हणाला.

आणि तेव्हा प्रोफेसर हॅलोरननी डावा हात उचलला, लेनीच्या गालावर ठेवला आणि त्याचं तोंड हलकेच भिंतीकडे वळवलं. वळवून हसले, अर्ध्याच तोंडानं. एलेन हसली, मी हसले, आणि लेनीनं भिंतीकडे बघत बघतच नाक ओढलं. आम्ही सगळे एकदमच हसत-रडत होतो. नर्स डोकावून गेली, तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

परत येताना मी म्हटलं, "आता कुणाला न सांगता उरकून टाक." तर हा म्हणतो, "चोर न सांगता करतात." मग मीच डेलच्या खोलीत गेले. हॉस्पिटलात जे झालं ते सांगितलं, आणि लेनी आता दालनात, सगळ्यांसमोर, काय करणार तेही. डेल म्हणाले, "मान हलवणं म्हणजे लेखी परवानगी नव्हे. त्यानं केलं तर त्याचं अकाउंट मला बंद करावं लागेल. आणि मिसेस देशपांडे, तुम्ही माझ्या स्टाफवर आहात."

"आहे," मी म्हटलं. "म्हणूनच सांगायला आले."

भर दुपार, दालन भरलेलं. लेनी टर्मिनलवर बसला. मी डावीकडे, वसुधा उजवीकडे. फार काही नव्हतं हो बघण्यासारखं. त्यानं मेलच्या प्रोग्रॅमला एक वेडावाकडा पत्ता दिला, आणखी काहीबाही टाइप केलं, आणि पडद्यावर प्रोफेसरांचं नाव आलं. दार उघडलं होतं. ज्या क्षणासाठी म्हणे हे लोक जीव टाकतात, तो क्षण. लेनीनं काय करावं? खुर्ची मागे सरकवली, उठला, वसुधाला बसवलं, आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "तुझं तेवढं घे." मीही पाठ फिरवली. अड्ड्यावरची बाकीची मंडळी उभी होती, त्यांनीही. आमच्या मागे एकटी वसुधा टेपवर आपली चार वर्षं उतरवून घेत होती.

डेल आले ते याच वेळी. ताडताड आले आणि थबकले. त्यांच्यासमोर एक अकाउंट फोडलेलं होतं आणि फोडणारा छताकडे बघत उभा होता.

"तू काय करतोयस?" त्यांनी विचारलं.

"काहीच बघत नाहीये," लेनी म्हणाला.

डेल किती वेळ तसेच उभे होते मला माहीत नाही, कारण मी भिंत बघत होते. मग त्यांच्या बुटांचा आवाज झाला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, तेही वळले होते. टायची गाठ सारखी करत, भिंतीकडे तोंड करून उभे. वसुधा म्हणाली, "झालं," आणि अकाउंट बंद केलं. तेव्हाच सगळे वळलो.

डेल शब्दाला जागले. लेनीचं अकाउंट त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, पुढच्या सेमिस्टरपर्यंत. लेनी म्हणाला, "फेअर." मला ते बिलकुल फेअर वाटलं नाही, मी तसं बोललेही. माझी नोकरी राहिली. आणि मग डेल घसा खाकरून म्हणाले, "ती मेलची फट. ती बुजवायला हवी."

"वसंतातच सांगितली होती," लेनी म्हणाला. "पण आता मला अकाउंट नाही."

डेलनी माझ्याकडे बघितलं. म्हणून मी खुर्चीवर बसले. लेनी माझ्या खांद्याशी उभा राहून ओळ ओळ सांगणार आणि मी टाइप करणार असं ठरलं. मी माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकायला हात उचलला आणि सहज वर पाहिलं. लेनी तोंड फिरवून उभा होता, ज्या सेंटरनं त्याला नुकतंच दाराबाहेर काढलं होतं त्याच सेंटरच्या दालनात.

वसुधाचा डिफेन्स डिसेंबरात झाला. हॅलोरन सर व्हीलचेअरवर आले होते. तिनं पहिलाच नकाशा लावला आणि त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की एलेनला त्यांचा खांदा धरावा लागला. आज वसुधा स्वतः प्रोफेसर आहे, तिच्याकडून दिवाळीला न चुकता फोन येतो. लेनीचा प्रबंध कधीच पुरा झाला नाही. तो पश्चिमेकडे कुठेतरी नोकरीला गेला, दोनदा-तीनदा पत्रं आली, मग मी घरं बदलली, त्यानंही बदलली असतील. त्याचे आभार मात्र मी कधी नीट मानलेच नाहीत. आपल्याकडे जवळच्यांना थँक्यू म्हणायची सवय नसते. वाटायचं, त्याला कळतच असेल. त्यानं मला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं, पुढे मी खिडकी सोडून सिस्टिमच्या कामावर गेले, निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. ते सगळं त्या न विचारता बदललेल्या फोडणीपासून सुरू झालं. लेनी, हे ज्यात छापून येईल तो मराठी अंक तुझ्यापर्यंत पोचणार नाही आणि पोचला तरी तुला वाचता येणार नाही. तरी थँक्यू रे बाबा.

हे लिहायला बसले त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माझी नात रिया, अकरा वर्षांची, सोफ्यावर मला चिकटून बसली होती. तिला फोनवर काहीतरी दाखवायचं होतं. ती फोन उघडायचा नंबर दाबायला लागली तशी माझी मान आपोआप भिंतीकडे गेली.

"आजी, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?"

"तू तुझा नंबर टाकतेयस ना, म्हणून."

"बट आय ट्रस्ट यू!"

"ते मला माहितीये गं राणी. पण तो तुझा आहे ना."

तिला काय कळलं कोण जाणे. खांदे उडवले, मांजरीचा कुठलासा व्हिडिओ दाखवला, आम्ही हसलो. थोड्या वेळानं मला घरी फोन करायचा होता. चष्मा शोधला, माझा फोन काढला आणि तो उघडायचा नंबर टाकायला लागले. हल्ली मला वेळ लागतो. टाकून झाल्यावर शेजारी बघितलं, तर रिया माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होती.

"झालं का, आजी?" तिनं मराठीत विचारलं.